पेटी उघडण्याआधी

नाशिकला परत येऊन संगीतोपचाराचं काम करायचं म्हणतेस, फार बरं वाटलं. पण तयार चाल घेऊन मुलापुढे बसू नकोस.

पॉल नॉर्डॉफ हा शिकला-सवरलेला अमेरिकन संगीतकार. पन्नाशीच्या सुमाराला, 1959 साली, क्लाइव्ह रॉबिन्स या शिक्षकाबरोबर तो विशेष मुलांसाठी पियानो वाजवू लागला. मूल रडलं की त्या रडण्याचाच सूर पकडायचा.

माझ्याकडे पंचवटीतला एक सात वर्षांचा मुलगा यायचा. बोलायचा नाही, नुसता पुढेमागे डुलायचा. मी पेटीवर भूप राग छेडला की कानांवर हात. तीन आठवडे मी तसाच वाजवत राहिलो, ही माझीच चूक. मग एकदा त्याच्या डुलण्याच्या लयीत भाता हलवला, काळी दोनचा, म्हणजे दुसऱ्या काळ्या पट्टीचा, नुसता सा. तो थांबला. मीही थांबलो. त्याने हळूच बोट पुढे केलं आणि तीच पट्टी दाबली.

अमुक आजारावर अमुक राग, असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. डॉक्टरांचं औषध बंद करायला कधीच सांगू नकोस. रीतसर शिक्षण घे, आणि रोज वही लिही: मूल कशाला दचकलं, कधी वळून पाहिलं.

शनिवारी ये, माझ्या वह्या दाखवतो.