आई चित्रात असते तेव्हा

‘चित्र काढायला बसले की मुलीला वाऱ्यावर सोडल्यासारखे वाटते, आणि तिच्याजवळ बसले की चित्र डोक्यातून जात नाही.’ कलावंत पालकांकडून ही व्यथा मी अनेकदा ऐकली आहे. येथे दिलेला अनुभव अशाच एका चित्रकार आईचा आहे; ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलगी चार वर्षांची होती. ती झोपली की रात्री काम सुरू करायचे, दोन वाजेपर्यंत जागायचे आणि दुसऱ्या दिवशी अपुऱ्या झोपेचा राग तिच्यावरच काढायचा, असे वर्षभर चालले होते.

उपायांची चर्चा करण्याआधी मी त्यांना आठवडाभर दिवसाची नोंद ठेवायला सांगितले. त्या नोंदींतून दिसले ते त्यांनाही अनपेक्षित होते. दुपारचे दोन तास त्या मुलीशेजारी बसत, पण लक्ष अर्धवट राहिलेल्या चित्रात असे. आणि मुलगी सर्वाधिक हट्ट करत असे ती नेमकी याच वेळात. आई शेजारी असूनही हाती लागत नाही, हे लहान मुलांना फार लवकर कळते.

ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात असे मांडले होते की, एकटे रमण्याची क्षमता मुलात रुजते ती कोणीतरी जवळ असताना. आई खोलीत आहे, मात्र आपल्या खेळात ढवळाढवळ करत नाही, या भरवशावर मूल स्वतःत रमायला शिकते. मी हा विचार त्यांना समजावून सांगितला, तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, ‘म्हणजे मी तिच्यासमोर काम केले तरी चालेल?’ परवानगी मागणारा हा प्रश्न मला त्यांच्या मूळ तक्रारीपेक्षा अधिक बोलका वाटला.

आम्ही वीस मिनिटांपासून सुरुवात केली. त्याच खोलीत मुलीसाठी वेगळा कोपरा आणि कागद, समोर वाळूचे घड्याळ, आणि ‘वाळू खाली पडेपर्यंत मी चित्र काढणार, मग तुझ्याजवळ येणार’ एवढेच सांगणे. शब्द मात्र रोज पाळायचा. पहिले काही दिवस मुलगी दर दोन मिनिटांनी येऊन हात ओढत राहिली.

इथे माझ्याकडून एक चूक झाली. शांत बसून चित्र काढल्यास एक चमकता तारा चिकटवावा, ही सूचना माझीच. आठवडाभरातच मुलगी कागदावर एक रेघ ओढून ‘झाले, तारा दे’ म्हणू लागली. खरे तर मला हे आधीच सुचायला हवे होते, कारण मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांचा १९७३ चा प्रयोग आमच्या अभ्यासक्रमात हमखास असतो: चित्रकलेची मुळात आवड असलेल्या ३ ते ५ वर्षांच्या मुलांना आधी बक्षीस कबूल करून चित्रे काढायला लावली, तेव्हा पुढे मोकळ्या वेळेत ती इतर मुलांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांत रमली. बक्षिसाच्या ओढीने काढलेली त्यांची चित्रेही कमी दर्जाची ठरली होती.

तारे बंद केले. मुलीने काही दिवस ते मागितले, रुसली, मग विसरली. ‘छान’, ‘सुंदर’ असे शेरे देण्याऐवजी, विचारले तरच ‘इथे खूप निळा रंग आहे’ एवढे म्हणावे, असे ठरले. आईला हे जड गेले. हाताची रेघ सुधारून देण्याची चित्रकाराची सवय सहज सुटत नाही.

तीन महिन्यांनी वीस मिनिटांची चाळीस झाली होती आणि रात्रीची जागरणे आठवड्यातून एकदाच होती. मोठे कॅनव्हास अजून भिंतीला टेकून आहेत. सध्या त्या लहान कागदांवर काम करतात आणि त्याची खंत त्यांना आहे. ती खंत घालवण्याचा प्रयत्न मी केलेला नाही. शेवटच्या भेटीत त्यांनी सांगितले की एका दुपारी वाळू केव्हाच खाली पडली होती, आणि ते दोघींपैकी कोणाच्याच लक्षात आले नव्हते.