कुत्र्याच्या जुन्या जुलाबांवर चिनी औषध देण्याआधी

दादा, कुत्र्याचे जुलाब थांबत नाहीत म्हणून चिनी औषधाची पूड मागवायची घाई नको. आधी शी तपासून घ्या. आपल्या दमट मातीत हुकवर्म (आतड्यातले जंत) छान पोसतात, जिआर्डिया हा डोळ्यांना न दिसणारा परजीवीही असतो. ते पोटात असताना कुठलाही पाला उकळून उपयोग नाही.

मग खाणं. दोन-तीन आठवडे मऊ भात आणि बिनमिठाचं उकडलेलं चिकन, बस्स. माशाच्या आमटीचा भात पूर्ण बंद. काट्यांपेक्षा वाटपातला कांदा-लसूण वाईट, शिजवला तरी त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. (घरातल्या आजीला हे पटवणं सगळ्यात अवघड. सुकटीचा तुकडा हळूच जातोच!)

एवढ्यानंतरही शी पातळ, भूक मंद आणि कुत्रा मरगळलेला असेल, तर ‘सी जून त्सी तांग’बद्दल जाणकार पशुवैद्याला विचारा. जिनसेंग, बाय-झू (एक चिनी मुळी), फू-लिंग (एक औषधी बुरशी) आणि ज्येष्ठमध असा तो साधा काढा. कुत्र्यांवरचा पुरावा तोकडाच आहे, त्यामुळे चमत्काराची अपेक्षा नको.

नवखे हमखास इथे चुकतात:
- माणसाचा डोस अंदाजाने अर्धा करून देणं.
- स्टेरॉइड चालू असताना डॉक्टरांना न सांगता देणं. ज्येष्ठमधाने पोटॅशियम आणखी घसरू शकतं.
- घटक न छापलेलं पाकीट घेणं. त्यात अ‍ॅरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती असेल तर मूत्रपिंड जातं.

एका वेळी एकच बदल करा आणि शी कशी झाली ते रोज लिहा. रक्त पडलं, उलट्या लागल्या किंवा वजन उतरलं, तर काढा थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.