लग्नानंतर सांगलीत राहून संशोधनात परत येता येईल का?

चार वर्षं गॅप, मुलगी दोन वर्षांची, तरी उशीर झालेला नाही, ताई. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची वाईज-किरण योजना बघा. तिच्यातली पीएचडी फेलोशिप २७ ते ४५ वयासाठी आहे, खंड पडलेल्यांनाही चालते. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएचडीत बाळंतपण-संगोपनाची २४० दिवस रजा आणि दोन वर्षं वाढीव मुदतही आहे. गाईडना हे बऱ्याचदा माहीत नसतं. नियमाची प्रिंट पर्समध्ये ठेवा. माझ्या गाईडनं ती दोनदा वाचली, मग मुकाट्यानं सही केली. शिवाजी विद्यापीठ पन्नासेक किलोमीटरवर, एसटीनं रोज जाणारे पुष्कळ. खरी अडचण घरची: लॅबच्या इन्क्युबेटरमध्ये जिवाणू वाढवायला ठेवलेल्या प्लेट्सना रविवार कळत नाही, त्या दिवशीही लॅबला जावं लागलं तर लेकीला कोण बघणार, हे अर्ज भरायच्या आधी सासूबाईंशी बोलून घ्या.