पाणबुडीवर शेफ व्हायचंय? आधी कोठी सांभाळायला शिका

प्रश्न : माझं भांडुपला पोळी-भाजी केंद्र आहे. मुलगा सतरा पूर्ण, दहावीला ६४ टक्के, आता अकरावी कॉमर्सला. रोजच्या शंभर-सव्वाशे डब्यांचं काम त्याच्या अंगवळणी पडलंय. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या पाणबुड्यांबद्दल वाचून त्याने मनाशी पक्कं केलंय की नौदलात शेफ व्हायचं आणि पाणबुडीवरच जायचं. घरचे म्हणतात, भांडी घासायला नेव्हीत कशाला जातोस? ओळखीतला एक जण पैसे घेऊन थेट पाणबुडीवर लावून देतो म्हणतोय. काय करावं?

उत्तर : ताई, पैसे मागणाऱ्याला आजच नाही म्हणून टाका. नौदलाची भरती ‘जॉइन इंडियन नेव्ही’ या सरकारी संकेतस्थळावरून होते आणि ‘पाणबुडीवरचा शेफ’ असा वेगळा अर्ज तिथे नसतो. मुलगा आधी नौसैनिक होणार, मग शेफची शाखा मिळाली तर शेफ, आणि त्यानंतर कधीतरी पाणबुडी.

त्याच्यासाठी दार आहे ते अग्निवीर एमआर, म्हणजे ‘मॅट्रिक रिक्रूट’, दहावीवरच्या भरतीचं. दहावीला एकूण किमान ५० टक्के, वय साडेसतरा ते एकवीसच्या दरम्यान, अविवाहित. या भरतीतून शेफ, स्टुअर्ड, म्हणजे जेवण वाढणारे, आणि हायजिनिस्ट, म्हणजे स्वच्छतेचं काम पाहणारे, असे तिघे घडतात. कोणाला काय द्यायचं ते नौदल आपल्या गरजेप्रमाणे ठरवतं. स्टुअर्ड किंवा हायजिनिस्ट व्हायची वेळ आली तर चालेल का, हे मुलाला अर्ज भरण्याआधीच स्पष्ट विचारा. सुरुवातीचं प्रशिक्षण ओडिशात आयएनएस चिल्का या नौदलाच्या जमिनीवरच्या तळावर होतं. शेफचं शिक्षण मात्र तुमच्या घरापासून लांब नाही, मालाडला मार्वेजवळ आयएनएस हमला इथे होतं. नोकरी चार वर्षांची. त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांना कायम करतात. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, त्यातले ९,००० सेवा निधीत जमा होतात आणि चार वर्षांनी सरकारच्या तेवढ्याच वाट्यासह सुमारे १० लाख रुपये अधिक व्याज हातात येतं.

पाणबुडी शाखेत जाणं स्वेच्छेचं असतं आणि तिथली वैद्यकीय तपासणी वेगळी, जास्त कडक. हवेचा दाब बदलतो तेव्हा कान मोकळे होतात की नाही, हे त्यात नक्की बघतात. मुलाला लहानपणापासून कान फुटण्याचा किंवा सायनसचा त्रास असेल तर आत्ताच कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवून घ्या. पुढचं शिक्षण विशाखापट्टणमला आयएनएस सातवाहनवर. बुडालेल्या पाणबुडीतून बाहेर कसं पडायचं, हेही तिथे शिकवतात. ‘भांडी घासायला’ म्हणणाऱ्या घरच्यांना एक गोष्ट आवर्जून सांगा. छातीवर पाणबुडीवाल्यांची ओळख असलेला डॉल्फिनचा बिल्ला लावायचा तर शेफलाही पाणबुडीची यंत्रणा शिकून परीक्षा द्यावी लागते. कुठला व्हॉल्व्ह कुठे आहे, आग लागली तर काय बंद करायचं, पाणी शिरलं तर कुठलं दार लावायचं, हे सगळं त्याला माहीत असावं लागतं. इतक्या मोजक्या माणसांत ‘मी फक्त स्वयंपाकाचं बघतो’ म्हणणाऱ्याला जागाच नाही.

आता खुद्द स्वयंपाकाबद्दल. माझगाव डॉकमध्ये बांधलेली कलवरी वर्गाची पाणबुडी सुमारे ६७ मीटर लांब आणि आत ४३ माणसं. माणशी चार पोळ्या धरल्या तर १७२ पोळ्या, म्हणजे सहा किलो कणीक. तांदूळ साडेचार किलो, डाळ पावणेदोन-दोन किलो. शंभर डबे भरणाऱ्या मुलाला हे आकडे किरकोळ आहेत. त्याची खरी कसोटी कोठीत लागेल.

जुन्या सिंधुघोष वर्गाच्या पाणबुड्या एका खेपेला ४५ दिवस समुद्रात राहू शकतील अशा बांधलेल्या आहेत. माणशी दिवसाला वेष्टनासकट दोन किलो सामान धरा. कलवरीएवढ्या ४३ माणसांचं ४५ दिवसांचं जवळजवळ चार टन होतं. हे सगळं माणूस जेमतेम उतरेल एवढ्या झाकणातून हातोहात खाली जातं. खोकी शक्यतो वरच फोडून टाकायची, कारण पुठ्ठ्यातून झुरळं येतात, पुठ्ठा ओल धरतो आणि नंतर त्याचाच कचरा होतो. शेवटच्या आठवड्यात लागणारं सामान सगळ्यात आधी, अगदी आतल्या बाजूला. पहिल्या तीन दिवसांचं सगळ्यात शेवटी, हाताशी. रव्याचं पोतं डब्यांच्या मागे गेलं की उपम्याच्या दिवशी अर्धी कोठी उपसावी लागते, तीही दुसरा माणूस उभा राहू शकत नाही अशा बोळात. म्हणून कुठल्या कप्प्यात काय, किती आणि कधी उघडायचं, याची वही लागते.

ही वही फक्त शेफच्या उपयोगाची नसते. पाण्याखाली पाणबुडीचं वजन आणि तोल बारकाईने जुळवलेला असतो. सामान भरलं, खाल्लं, कचरा बाहेर गेला की वजन बदलतं आणि टाक्यांमधलं पाणी कमी-जास्त करून ते सावरावं लागतं. पुढच्या भागातली तांदळाची पोती संपली आणि कुणी कळवलंच नाही, तर तो हिशेब चुकतो.

भाज्यांचा क्रम तर तुम्हाला पाठच असेल. पालेभाजी आणि कोथिंबीर तीन-चार दिवसांत, टोमॅटो, वांगी, फ्लॉवर आठवडा-दहा दिवसांत, मग कोबी, दुधी, आणि बटाटा, कांदा, लाल भोपळा शेवटपर्यंत. कांदे-बटाटे शेजारी ठेवले की बटाट्यांना लवकर मोड येतात. अंडी धुवून ठेवली तर लवकर खराब होतात. ताजं संपलं की डबाबंद, गोठवलेलं आणि कोरडं एवढंच उरतं. या दिवसांत जेवणात चोथा कमी पडतो, हालचालही कमी असते आणि पोटं बिघडतात. डाळी, अख्खी कडधान्यं, दलिया हे त्या वेळेसाठी राखून ठेवलेले असले पाहिजेत. खिडकी नसल्यामुळे दिवस-रात्र कळत नाही. समोर पोहे आले म्हणजे सकाळ झाली असं माणसं ओळखतात, त्यामुळे जेवणाच्या वेळा मोडून चालत नाहीत.

चूल विजेची, उघडी ज्योत कुठेच नाही. पाण्याखाली वीज बॅटरीतून येते आणि तीच वीज पाणबुडी चालवायला लागते. त्यामुळे भट्टी हवी तेव्हा लावता येईलच असं नाही. फोडणीचंच बघा. गॅस बंद केला की ज्योत जाते. विजेची तबकडी बंद केल्यावरही तापलेलीच राहते, मोहरी तडतडल्यावर घातलेलं जिरं आणि हिंग जळतात. कढलं तबकडीवरून उचलून बाजूला घ्यायची सवय हाताला लावावी लागते. आणि लाल मिरचीचा ठसका उठला तर तो जाणार कुठे? तीच हवा ४३ जण पुन्हा पुन्हा श्वासात घेतात. पाणबुडी वर येऊन स्नॉर्केलच्या नळीने ताजी हवा घेईपर्यंत तो आतच फिरत राहतो. तळणाचं तर आणखी अवघड. तेलाची वाफ हवा शुद्ध करणाऱ्या गाळण्यांवर आणि धुराड्याच्या जाळीवर बसते, आणि जाळीतलं तेलच आगीचं कारण ठरतं. शिवाय खोली बदलताना पाणबुडी पुढे-मागे कलते, म्हणून पातेलं दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरायचं नाही आणि चुलीच्या कडांना अडसर हवाच. तेलाने पेट घेतलाच तर आधी वीज तोडायची, झाकण घालायचं, पाणी अजिबात नाही.

आवाजही मोजावा लागतो. शत्रू कान लावून बसलेला असताना हातातून पडलेली पळी पाणबुडीचा ठावठिकाणा सांगू शकते. अशा वेळी यंत्रं बंद, जेवण थंड.

पाणी जपून. डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडीवर आंघोळीला कात्री लागते, स्वयंपाकाला पाणी मिळतं, पण तेही मोजून. स्वच्छतेत मात्र सूट नाही. उरलेला भात दोन तासांत थंड करून फ्रीजमध्ये गेला पाहिजे, नाहीतर टाकायचा. त्या भातातले जंतू जे विष सोडतात ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. एका पातेल्याने निम्मे लोक आडवे झाले तर पहारा कोण करणार?

मुलाची पारख घरीच करता येईल. चार माणसांचा तीन आठवड्यांचा बाजार एकाच दिवशी करू द्या, नंतर बाजारात पाऊल नाही. फक्त इंडक्शन, दिवसाला स्वयंपाक आणि भांड्यांसाठी मिळून वीस लिटर पाणी, आणि काय कधी संपलं याची वही. पदार्थ चविष्ट झाले का, हे नंतर विचारा. आधी वही तपासा. तिसऱ्या आठवड्यातही तो मुकाट्याने वजन करून नोंद करत असेल, तर त्याने या वाटेला जावं असं मी ठामपणे सांगेन. पाचव्या दिवशी कोथिंबिरीसाठी गल्लीत पळाला, तर हॉटेलची वाट त्याच्यासाठी चांगली आहे, आणि त्यातही कमीपणा नाही.

कॉमर्स सोडू नका, बारावी पूर्ण करा. बारावीनंतर दादरच्या हॉटेल मॅनेजमेंट संस्थेची प्रवेश परीक्षा देता येते. आयटीआयचा एक वर्षाचा फूड प्रॉडक्शनचा कोर्स दहावीवरही होतो. समुद्रच हवा असेल तर व्यापारी जहाजांसाठी सहा महिन्यांचा मेरिटाइम केटरिंगचा प्रमाणपत्र कोर्स आहे. संस्था नौवहन महासंचालनालयाची मान्यताप्राप्त आहे का, एवढं पाहून मगच फी भरा. यातलं काहीही करताना अग्निवीरची परीक्षा देता येते. एमआरच्या पेपरात दहावीच्या पातळीचं विज्ञान-गणित आणि सामान्य ज्ञान असतं, पुढे १.६ किलोमीटर धावणं साडेसहा मिनिटांत. तो पहाटे कणीक मळायला उठतच असेल, तर त्याआधी अर्धा तास त्याला मैदानावर पाठवा आणि दर रविवारी घड्याळ लावून वेळ लिहून ठेवायला सांगा.