सेल्फचं काम वारंवार करूनही गरम पिकअप चालू होत नाही, नवा सेल्फ घ्यावा का?

तुमची 2009 ची डिझेल पिकअप, सेल्फचं (इंजिनला पहिली फिरकी देणाऱ्या स्टार्टर मोटरचं) काम तीनदा झालं, बॅटरीही नवी टाकली. सकाळी एका सेल्फला चालू होते, पण नारायणगावला टोमॅटो उतरवून निघताना नुसतं 'टक्' होतं आणि अर्ध्या तासाने तीच गाडी निमूट चालू होते. नवा सेल्फ घ्यावा का, असं विचारलंत.

आत्ता घेऊ नका. तीनदा काम होऊनही तोच त्रास येतोय म्हणजे दोष बहुधा सेल्फच्या बाहेर आहे. निफाड भागात माझं ऑटो इलेक्ट्रिकचं काम आहे, येणाऱ्या गाड्या बहुतेक कांदा-द्राक्षं वाहणाऱ्या पिकअपच. या तक्रारीत मी सगळ्यात आधी अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जायची वाट, बघतो.

गरम इंजिन खरं तर फिरायला हलकं असतं, कारण ऑइल पातळ झालेलं असतं. तरीही गाडी गरम असतानाच अडते, तेव्हा संशय करंटच्या वाटेवर घ्यायचा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. त्यामुळे सेल्फचा करंट बॅटरीकडे परत जातो तो इंजिन किंवा गिअरबॉक्सवरून चेसिसला गेलेल्या अर्थ पट्टीतून. बॅटरीचे टर्मिनल सगळेच घासतात, या पट्टीकडे कुणी बघत नाही. वरून नट घट्ट दिसतो. तो काढून लग (पट्टीच्या टोकाची धातूची कडी) उचला: खाली गंज, त्यावर कधीतरी मारलेल्या रंगाचा थर, आणि लगच्या तोंडाशी तारा हिरव्या पडून निम्म्या तुटलेल्या. ढोबळ हिशेब करा. सेल्फ 200 अँपिअर ओढत असेल आणि त्या जोडात एक शतांश ओहम रोध असेल, तर 2 व्होल्ट तिथेच जातात. त्यात तांबं 50 अंशांनी तापलं की त्याचा रोध सुमारे 20 टक्क्यांनी वाढतो. सकाळी जेमतेम निभावलेलं दुपारी निभत नाही ते यामुळे.

साधा मल्टिमीटर घ्या आणि गाडीतच ठेवा, कारण गॅरेजला पोचेपर्यंत गाडी थंड होते आणि मेकॅनिकसमोर छान चालू होते. मोजायचं ते अडल्या जागीच. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, हात फॅनपासून लांब, चावी दुसऱ्याच्या हातात. चावी न फिरवता बॅटरी 12.6 दाखवते म्हणून खूश होऊ नका. नळ बंद असताना पाइपला प्रेशर दिसतंच, खरं काय ते नळ उघडल्यावर कळतं. म्हणून प्रत्येक आकडा चावी सेल्फला धरलेली असताना घ्यायचा, एका वेळी पाच-सात सेकंद, मग मिनिटभर विश्रांती.

मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर (बॅटरीच्या खुंटीवरच, वायरच्या क्लॅम्पवर नव्हे), दुसरी सेल्फच्या बॉडीवर. सेल्फ फिरत असताना इथे 0.3 व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थिंग खराब. तसंच पॉझिटिव्ह पोस्टपासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत, तिथे 0.5 पर्यंत चालतं. बॅटरीच्या दोन पोस्टवर सेल्फ मारताना 9.6 च्या खाली जाऊ नये.

नुसतं 'टक्' होऊन सेल्फ फिरलाच नाही तर बहुधा मोठा करंट वाहतच नसतो. मग वरचे दोन्ही आकडे छोटे आले तरी वायर चांगली असं समजू नका. तेव्हा सोलेनॉइडची (सेल्फवरच्या चुंबकी स्विचची) बारीक वायर बघा, चावीवरून येते ती. चावी धरलेली असताना तिथे 10 व्होल्टही पोचत नसतील तर इग्निशन स्विचचे कॉन्टॅक्ट किंवा मधला जोड गेलाय. स्विच बदला, किंवा रिले (छोट्या करंटवर चालणारा स्विच) लावून सोलेनॉइडला बॅटरीवरून थेट जाड वायर द्या. जुन्या गाडीत मी रिलेच लावतो, स्विचवरचा भारही कमी होतो. तिथे पूर्ण व्होल्टेज येतंय आणि तरी 'टक्'? मग सोलेनॉइडच्या दोन मोठ्या बोल्टमध्ये मोजा. 'टक्' झाल्यावरही तिथे 12 दिसले तर आतले कॉन्टॅक्ट जळालेत. शून्याजवळ आलं आणि बॅटरीही 12 च्या आसपास टिकली, तर सेल्फमधले कार्बन (फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) टेकत नाहीत. बॅटरी मात्र धाडकन खाली बसली तर बुश (आधाराची बेअरिंग) झिजून आर्मेचर (मोटरचा फिरता भाग) आत घासत असणार, आणि हाही दोष गरम झाल्यावर जास्त दिसतो. म्हणजे दोष सेल्फमध्येच निघाला तरी नेमकं काय बदलायचं ते तुम्हाला सांगता येईल.

मीटर नसेल त्या दिवशी हेडलाइट लावून चावी फिरवा. लाइट अगदी मंद झाला तर बॅटरी, तिचे जोड किंवा अडकलेली मोटर. लाइट तसाच राहिला तर बारीक वायर, सोलेनॉइड, कार्बन किंवा अर्थ पट्टी.

सुरुवात अर्थ पट्टीपासूनच करा. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, सेल्फची मेन केबल कायम लाइव्ह असते. दोन्ही टोकांना चेसिस आणि इंजिनचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, नवी जाड पट्टी घट्ट आवळा, मग वरून ग्रीस लावा. आधी ग्रीस लावून आवळू नका. त्यानंतर एकदा टोमॅटो पोचवून या आणि गाडी गरम असतानाच तेच आकडे पुन्हा घ्या.