गोळे आतून कच्चे का राहतात?

प्रश्न : ताई, चिकन-डंपलिंग कॅसरोल (चिकनच्या रश्श्यावर मैद्याचे गोळे सोडून ओव्हनमध्ये भाजायचा पदार्थ) केलं की वरचे गोळे सोनेरी दिसतात, पण आतून चिकट राहतात. सगळे जेवायला बसलेले आणि माझी नुसती धांदल! काय करू?

उत्तर : गोळे सोडता तेव्हा खालचा रस्सा कोमट असतो का? बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो. चिकन आधी शिजवून घ्या आणि रस्सा खदखदत असतानाच गोळे सोडा, म्हणजे ते खालूनही शिजू लागतात. दीड कप मैद्याला दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर, थोडं थंड लोणी, दूध. पीठ जेमतेम ओलं झालं की हात आवरा. मळत बसलात तर गोळे दडस होतात. गोळा लिंबाएवढाच हवा, तो फुगतो. ओव्हनमध्ये १९० अंश सेल्सिअसवर पहिली १५ मिनिटं फॉइल घट्ट लावून ठेवा. मध्येच उघडून डोकावायचं नाही! मग फॉइल काढून दहाएक मिनिटं, रंगापुरती. एक गोळा फोडून बघा. आत जाळी हवी. ओली चकाकी दिसली तर आणखी पाच मिनिटं.

आणि चिकन मांडीचंच घ्या. छातीच्या तुकड्यांचा एवढ्या वेळात चोथा होतो.