ओहोटीचा खडक आणि १२ मैल

तुम्ही विचारलंय, देशाची सागरी हद्द १२ मैल की २०० मैल, आणि ती किनाऱ्यापासून कशी मोजतात. उत्तर १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर. २०० मैलांपर्यंत असतं ते अनन्य आर्थिक क्षेत्र. तिथले मासे आणि तळाखालचं तेल त्या देशाचं, पण तिथून कोणाचंही जहाज खुशाल जाऊ शकतं. '२०० मैलांच्या हद्दीत परकं जहाज घुसलं' असं बातम्यांत म्हणतात ते साफ चूक आहे.

खरा घोळ 'किनाऱ्यापासून' या शब्दात आहे. त्या शब्दापायी मी भर ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीत, बोलणी खाल्ली आहेत.

तेव्हा मी थर्ड ऑफिसर, म्हणजे चीफ ऑफिसरच्या हाताखालचा कनिष्ठ अधिकारी होतो. जहाज रिकामं होतं. पुढची ऑर्डर येईपर्यंत इंजिन बंद ठेवून ड्रिफ्ट करत, म्हणजे पाण्याबरोबर वाहत राहायचं होतं, आणि कॅप्टनचा हुकूम एवढाच की हद्दीच्या बाहेर राहा. चीफ ऑफिसरनी रडारवर समोरच्या कड्याचं अंतर घेतलं, १३ मैल. "झालं, एक मैल बाहेर आहोत." टेबलावरचा चार्ट, म्हणजे समुद्राचा नकाशा, लहान स्केलचा, कमी तपशिलाचा होता. मी ड्रॉवरमधून मोठ्या स्केलचा काढला. कड्यापासून ३ मैलांवर, आमच्याच बाजूला, नखाएवढा हिरवा ठिपका होता. त्यावर १ आकडा, आकड्याखाली रेघ. म्हणजे पूर्ण ओहोटीला तो खडक मीटरभर वर येतो. तेव्हा भरती होती, त्यामुळे रडारवर तिथे काहीच नव्हतं. डिव्हायडर लावला, तर खडकापासून आम्ही १० मैलांवर.

"सर, आपण आत आहोत."

"बुडालेल्या दगडाला कसली हद्द? कॉलेजातलं इथे नको."

दोन तासांनी व्हीएचएफ रेडिओच्या चॅनेल १६ वर तिथल्या तटरक्षकांनी बोलावलं: का थांबलात, ताबडतोब बाहेर पडा. कॅप्टन वर आले तेव्हा वॉच, म्हणजे ब्रिजवरची पाळी, माझा होता, म्हणून ऐकून मी घेतलं. चीफ ऑफिसर शेजारी उभे होते, एक शब्द बोलले नाहीत.

तर १९८२ चा सागरी कायद्याचा करार बघा. कलम ५ म्हणतं, हद्द मोजायची ती ओहोटीच्या रेषेपासून, तीही त्या देशाने मान्य केलेल्या मोठ्या स्केलच्या चार्टवर दाखवलेल्या. कलम १३ प्रमाणे, ओहोटीला उघडा पडणारा नैसर्गिक खडक मुख्य भूमीपासून १२ मैलांच्या आत असेल तर त्याचीही ओहोटीची रेषा धरता येते. आणि कलम १८: परक्या हद्दीतून जायला मुभा आहे, पण न रेंगाळता. नांगर टाकणं, थांबणं हे नेहमीच्या नौकानयनाचा भाग म्हणून किंवा संकटातच चालतं. ऑर्डरची वाट बघणं यात बसत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

१२ हा आकडा तरी कुठे फार जुना आहे? आधी बरेच देश ३ मैल धरायचे. १९६० मध्ये जिनिव्हात ६ मैल हद्द आणि पुढे ६ मैल मासेमारीचा हक्क, असा तोडगा मांडला गेला, पण अवघं एक मत कमी पडून तो फेटाळला गेला. १२ हा आकडा करारात यायला १९८२ उजाडलं.

हेही सांगायला हवं की १२ ही कमाल मर्यादा आहे. ग्रीस एजियन समुद्रात ६ मैलच धरतो. समोरासमोरचे दोन देश जवळ असतील तर सहसा मध्यरेषा. किनारा फार दंतुर असेल तर टोकं जोडून सरळ बेसलाइन, म्हणजे हद्द मोजायची आधाररेषा, आखतात, तिथे चार्टवरचे ठिपके शोधून भागत नाही, त्या देशाने जाहीर केलेली रेषाच बघावी लागते.

तुम्ही जहाजावर जाणार असाल तर रडारवरचं अंतर हद्दीसाठी वापरू नका, वरिष्ठांनी सांगितलं तरी. मोठ्या स्केलचा चार्ट काढा आणि आपण काय सांगितलं ते वेळेसकट लिहून ठेवा. मी त्या दिवशी लिहिलं नव्हतं.